पाण्याच्या बोटीचा मार्ग

चादरीचं एक टोक दोरीवर चढलं होतं आणि दुसरं अजून बादलीत होतं, तेवढ्यात फोन वाजला. कप्तानाने ओले हात पँटला पुसले. मेहुण्याचा फोन होता, आणि तो आवाज दाबून बोलत होता. म्हणजे आजूबाजूला माणसं होती.

“भाऊजी, जरा येऊन जाल का? तुमची जहाजं बुडत नाहीयेत.”

दुसऱ्या कुठल्या दर्यावर्दीच्या घरात हे वाक्य कानी पडलं असतं, तर घरच्या बाईने हात जोडून देवाचे आभार मानले असते. इथे ती तक्रार होती. कप्तान ‘बरं’ म्हणाला, फोन खिशात टाकला आणि गॅलरीत तसाच उभा राहिला. दोरीवरच्या टोकातून पाणी निथळत त्याच्या पायांवर पडत होतं. ते गार आहे हे त्याला कळत होतं. पाय बाजूला घ्यावा असं मात्र वाटत नव्हतं. शेवटी आतून बायको आली, तिने बादलीतलं टोक स्वतः उचललं आणि म्हणाली, जा तुम्ही, चादर काही पळून जात नाही.

सगळे त्याला कप्तान म्हणत, पण तो कप्तान कधीच नव्हता. मालवाहू जहाजावर सेकंड मेट होता. जहाजाचा मार्ग आखणं हे सेकंड मेटचं काम. एका बंदराच्या धक्क्यापासून दुसऱ्या बंदराच्या धक्क्यापर्यंत नकाशावर पेन्सिलीने रेघ ओढायची. कुठे वळायचं, कुठे पाणी उथळ आहे, वादळ आलं तर कुठे आडोसा घ्यायचा, आणि कुठपर्यंत गेलं तर परत फिरता येतं नि कुठून पुढे येत नाही, हे सगळं त्या रेघेवर मांडायचं. एकदा सुट्टीवर येताना घाईत पांढऱ्या गणवेशातच तो जिना चढला, बिल्डिंगमधल्या बायकांनी पाहिलं, आणि तिथेच त्याचा कप्तान झाला. “बढती बिल्डिंगने दिली, कंपनीला पत्ताच नाही,” असं बायको तेव्हा हसून सांगायची.

शेवटच्या जहाजावर मालकाने हात वर केले. जहाज एका परक्या बंदराबाहेर नांगर टाकून धक्क्यावर जागा मिळायची वाट बघत होतं, आणि तेवढ्यात कंपनीच बंद पडली. एजंट फोन घेईना. बंदरवाले म्हणाले, जहाज वाऱ्यावर सोडून कुणाला उतरता येणार नाही. ना घर का ना घाट का अशी गत. त्यात जवळजवळ वर्ष गेलं. डेकवरून किनाऱ्यालगतचा रस्ता दिसायचा, रस्त्यावरच्या बसगाड्या दिसायच्या, त्यात चढणारी उतरणारी माणसंही दिसायची. खाणंपिणं आणणारी एक छोटी बोट आधी आठवड्याला यायची, मग पंधरवड्याने, मग येईल तेव्हा. कुणी मेलं नाही, म्हणून कुठे बातमीही झाली नाही. मग एक दिवस कुठून तरी हुकूम आला आणि सगळ्यांना विमानात बसवून घरोघर पाठवून दिलं.

घरी आल्यावर बायकोने विचारलं, कसे आहात. तो म्हणाला, बरा आहे. बिल्डिंगवाल्यांनी विचारलं, त्यांनाही तेच सांगितलं.

बरा म्हणावं असं काही त्याच्यात दिसत नव्हतं, आणि आजारी म्हणावं असंही नाही. वाढलं की जेवायचा. हाक मारली की यायचा. विनोदाला हसायचा, पण बाकीच्यांचं हसून झाल्यावर. भांडण करायचा नाही, खिडकीशी बसला तर बाहेर बघायचा नाही, नुसता खिडकीशी बसायचा. बायको देवभोळी बाई. रोजच्या प्रार्थनेत ती आधी पुष्कळ काय काय मागायची, आता एकच मागत होती, की या माणसाने एकदा कशाला तरी नावं ठेवावीत. एक दिवस तिने मुद्दाम बिनमिठाची भाजी केली. त्याने ती मुकाट्याने संपवली आणि ताट उचलून मोरीत ठेवलं. त्या दिवशी मोरीत ताट घासताना ती रडली, आणि मग तिने डोळे पुसून उरलेल्या भाजीत मीठ घातलं, कारण आईला अजून जेवायचं होतं.

आई म्हणजे तिची आई, कप्तानाची सासू. ती यांच्याकडेच राहायची. कानाने अधू, हातात कायम जपमाळ, आणि जपाच्या मधल्या फटीत घरावर बारीक नजर.

देव माणसाला हात देतो तो समोरून कधीच देत नाही, आडून देतो. बायकोचा धाकटा भाऊ एका छोट्या कंपनीत होता. ती कंपनी विमानांच्या लढाईचे कॉम्प्युटरवरचे खेळ करायची, आणि तो त्या विमानांच्या इंजिनांचे आवाज तयार करायचा. नव्या मोहिमेत समुद्र आला होता. शत्रूच्या ताब्यात एक बेट. बेटावर तोफा आणि धावपट्टी. दूरच्या बंदरातून जहाजं त्या बेटाला इंधन, दारूगोळा, अन्न, पाणी अशी रसद पोचवणार. खेळणाऱ्याने विमानातून ती रसद तोडायची. रसद तुटली की बेट पडतं, बेट पडलं की मोहीम संपते. जहाजं कुठून कशी जातील हे ठरवायला समुद्र पाहिलेला माणूस हवा होता. मेहुणा म्हणाला, आमच्या घरी एक आहे, रिकामाच आहे.

कप्तानाने काम घेतलं. आनंदाने घेतलं असं नव्हे. हाक मारली आणि तो गेला. पण दुसऱ्या आठवड्यापासून तो सकाळी कुणी न उठवता उठू लागला. जेवणाच्या टेबलावर कॉम्प्युटर, शेजारी सवयीने ठेवलेली पेन्सिल, आणि पडद्यावरच्या निळ्या नकाशात नाक खुपसलेलं. एकदा तर तो स्वतःशीच पुटपुटला, “इथे उथळ आहे.” बायकोने आत जाऊन देवापुढे डोकं टेकवलं. कुणी तिला विचारलं असतं, की नवरा काय करतो, तर ती म्हणाली असती, उठतो. तिला तेवढं पुरेसं होतं.

सासूबाईंना मात्र हे काम पसंत नव्हतं. पोटासाठी माणूस काय काय करतो, पण जहाजं बुडवायची? बायकोने कानाशी जाऊन सांगितलं, आई, खरी नाहीत ती, खोटी जहाजं आहेत. म्हातारीने दोन मणी ओढले आणि विचारलं, “मग पगार खरा कसा?” तेव्हापासून रोज संध्याकाळी ती जावयाला विचारायची, आज किती बुडाली. आणि तो खरं ते सांगायचा, की एकही नाही. मग ती समाधानाने माळ कपाळाला लावायची.

तर त्या दिवशी कप्तान चादर टाकून कंपनीत गेला. कंपनी म्हणजे एका फर्निचरच्या कारखान्याच्या वरचा मजला. जिन्यात पॉलिशचा वास, वर गेल्यावर पडदे ओढलेल्या खोल्या, आणि मधल्या खोलीत विमानाच्या बैठकीसारखी एक खुर्ची, तिला दांडा आणि पायाने दाबायच्या पट्ट्या. त्या खुर्चीत एक लांब मानेचा तरुण बसलेला असायचा. खेळ विकायला जाण्याआधी तो खेळून बघायचा हे त्याचं काम. उंचावर घिरट्या घालायचा आणि मग खाली झेप घ्यायचा, म्हणून त्याला सगळे गिधाड म्हणत, आणि त्याला त्याचं वाईट वाटत नसे.

कंपनीची प्रमुख कप्तानाच्या निम्म्या वयाची बाई होती. चपला काढून खुर्चीवर मांडी घालून बसायची आणि त्याला काका म्हणायची. तिने गिधाडाला सकाळची चाचणी पुन्हा दाखवायला सांगितलं. पडद्यावर विमान उडालं, निळा समुद्र पसरला, आणि नुसता पसरतच राहिला. दिवसा जहाजं कड्याखालच्या खाड्यांमध्ये नांगर टाकून पडलेली, वरून येणाऱ्या विमानाला कडा आडवा यायचा. अंधार पडला की ती किनाऱ्याला चिकटून पुढे सरकायची. कुठल्याही शहाण्या सेकंड मेटने असंच केलं असतं.

बाई म्हणाली, की काका, समुद्र सुंदर आहे, पण माणसं लढाईचा खेळ घेतात, सहलीचा नाही. याने सकाळभर एकदाही घोडा ओढलेला नाही. मग ती हसली. “देव तारी त्याला कोण मारी, हे मला आता पटलं.”

सगळे हसले. कप्तानही हसला, थोड्या वेळाने.

पण खरी तक्रार पुढे होती. मागच्या आठवड्यात गिधाडाने हट्टाला पेटून दोन मोठी जहाजं शोधून बुडवली होती, हे कप्तानाला आजच कळत होतं. तरी बेट ढिम्म. तोफा चालूच, बेटावरची विमानं उडतायतच. बेटावरचा साठा कमी का होत नाही हे शोधता शोधता त्यांना पश्चिमेच्या बाजूला, खडकांच्या मधून, एक बारकी बोट जाताना सापडली. तिच्यावर तोफ नाही, झेंडा नाही. ती जायची, बेटाला टेकायची, परत यायची, पुन्हा जायची.

“ही कुणाची?” बाईने विचारलं.

“पाण्याची बोट आहे.”

“ही ठेवायला कुणी सांगितलं होतं?”

कप्तानाने विचार केला. कुणीच सांगितलं नव्हतं. बेट म्हटलं, की पिण्याचं पाणी नेणारी बोट आलीच, असं त्याला वाटलं होतं, आणि त्याने ती काढली होती. दाराला कडी लावतात, त्याला कुणी सांगावं लागत नाही, तसं. तिचा मार्ग त्याने सगळ्यात आधी आणि सगळ्यात मन लावून आखला होता. बाकी प्रत्येक जहाजाच्या रेघेवर त्याने परतीचा टप्पा ठेवला होता; म्हणजे अशी जागा, की तिच्या अलीकडे धोका दिसला तर जहाजाने माघारी फिरावं, आणि पलीकडे गेल्यावर मात्र पुढेच जावं. पाण्याच्या बोटीच्या रेघेवर तो टप्पाच नव्हता. ती निघाली की पोचायची.

बाई वाईट नव्हती. तिच्याही डोक्यावर टांगती तलवार होती. शुक्रवारी हा खेळ बाजारात नेणारे लोक बघायला येणार होते. तोवर बेट पडायला हवं होतं. नाही पडलं, तर ती प्रोग्रामरकडून बंदरापासून बेटापर्यंत सरळ रेघा मारून घेणार होती, जहाजं दिवसाढवळ्या रांगेत जातील, गिधाड ती टिपेल, काम भागेल. “आणि मग काका,” ती आपल्या पायाच्या अंगठ्याकडे बघत म्हणाली, “तुम्हाला ठेवायला माझ्याकडे काम उरणार नाही.”

कप्तान म्हणाला, “बरं.”

मेहुणा त्याला सोडायला जिन्यापर्यंत आला. त्याने समजूत काढली, की मनाला लावून घेऊ नका, एक बोट काढून टाकायची आहे, मोठी जहाजं जरा उघड्यावर आणायची आहेत, तासाभराचं काम. खाली कारखान्यात कुणीतरी लाकडावर पॉलिशपेपर घासत होतं. त्या आवाजात तो आणखी म्हणाला, “ठिपके आहेत हो ते, भाऊजी. ठिपक्यांना तहान लागत नाही.”

ते कप्तानालाही माहीत होतं. घरी येऊन त्याने कॉम्प्युटर उघडला आणि पाण्याची बोट पुसली. पडद्याच्या कोपऱ्यात बेटाच्या साठ्याचे आकडे होते. खेळाचे दिवस भराभर पुढे पळवले तसे ते उतरू लागले. पाणी तुटलं, की अन्न, इंधन, सगळं एकदम उतरावं असाच खेळाचा हिशेब होता. तो ते बघत बसला. वाईट वाटलं नाही. पण आकडे तळाला जायच्या आत त्याच्या बोटांनी बोट परत आणून ठेवली होती. त्याने पुन्हा पुसली, पुन्हा आणली. बुधवार असाच गेला. गुरुवारी सकाळी तो उठला नाही. जागा होता, छताकडे बघत पडून होता, पण उठला नाही.

भावाबहिणींमध्ये फोन झालेला होता, तेव्हा बायकोला सगळं ठाऊक होतं. तिने दुपारपर्यंत काही विचारलं नाही. जेवणं झाली, सासूबाई आत आडव्या झाल्या, मग ती शेंगांचं टोपलं घेऊन टेबलाशी त्याच्यासमोर बसली. काम टिकावं म्हणून तिने सकाळीच देवाला साकडं घातलं होतं. त्यामुळे तोंडातून जे निघालं त्याचं तिलाच आश्चर्य वाटलं.

“सोडायचं असेल तर सोडा. पोटाला देव कमी पडू देणार नाही. पण सोडताना मला कारण सांगा. ‘बरं’ म्हणू नका.”

त्याने टोपल्यातली एक शेंग उचलली आणि परत ठेवली.

“पाण्याची बोट बंद करायची आहे,” तो म्हणाला.

“मग?”

“ते सांगतात तशी ती बंद होत नाही.”

देवळात कुणी कानाशी लागून बोलत असावं आणि आपण हललो तर ते थांबेल, अशी ती बसून राहिली. आणि तो बोलू लागला, सपाट आवाजात, दुसऱ्या कुणाच्या तरी जहाजाची गोष्ट सांगावी तसा.

“आमची बोट कुणी बुडवली नाही. ती निघायची. आम्हाला दिसायची निघताना. मग लाटा मोठ्या आहेत म्हणून परत फिरायची. लाटा खरंच मोठ्या असायच्या. पुढच्या वेळी डिझेल नाही. ते पण खरं. मग त्या बोटवाल्याची मुलगी आजारी. तेही खरंच असेल. प्रत्येक वेळी कारण खरं असायचं. आम्ही डेकवर उभे राहून तिला वळताना बघायचो. आधी सारंग शिव्या द्यायचा. मग तोही गप्प बसायला लागला. खोटं कोणीच बोललं नाही गं. दोष कुणाला देणार.”

सारंग म्हणजे खलाशांवरचा मुकादम. त्याचं नाव बायकोने याआधी कधी ऐकलं नव्हतं. या सगळ्यातलं काहीच ऐकलं नव्हतं. तिच्या हातातली शेंग तशीच हातात राहिली. काय बोलावं हे तिला सुचेना, आणि न सुचल्याबद्दल तिने मनातल्या मनात देवाचे आभार मानले, कारण सुचलं असतं तर ती बोलली असती.

कप्तानाने कॉम्प्युटर पुढे ओढला. बोट पुसली नाही. मोठी जहाजं उघड्यावरही आणली नाहीत. त्याने फक्त परतीचे टप्पे हलवले. त्याच्या आखणीत ते निघायच्या बंदराजवळच होते. तेवढं पार केलं, की जहाजाने काय वाटेल ते झालं तरी पुढेच जायचं, असे. ते एकेक करून त्याने पुढे ओढत नेले, पार बेटाच्या तोंडापर्यंत. आता जहाज बंदराबाहेर पडेल, आकाशात कुठे लांब एखादं विमान दिसेल, आणि जहाज मुकाट्याने वळून घरी जाईल. पुढच्या आठवड्यात बघू. मग पुढच्या.

शेवटी राहिली पाण्याची बोट. तिच्या रेघेवर टप्पा नव्हताच. त्याने तो ठेवला.

बायकोचं टोपलं अर्धंही झालं नव्हतं, तेवढ्यात काम संपलं. इतकी वर्षं त्याने मार्ग आखले ते जहाजावर बसून. आज पहिल्यांदा मालकाच्या खुर्चीत बसून आखले, आणि सगळ्यात सोपं काम हेच निघालं. पाय झोपला, की माणूस चिमटा काढून बघतो तसं त्याने आत कुठे काही होतंय का ते चाचपून पाहिलं. चिमटा कळला, दुखलं नाही.

मग त्याने प्रोग्रामरला फोन केला आणि साठा सगळा एकदम उतरवू नका, असं सांगितलं. आधी इंधन संपतं. मग दिवे जातात, कारण जनरेटर इंधनावर. मग थंड कोठारातलं खाणं नासतं. मग माणसं काम कमी करतात, कारण काम केलं की तहान लागते. पाणी सगळ्यात शेवटी. समोरचा माणूस लिहून घेत होता. मधेच त्याने विचारलं, की हे कुठल्या पुस्तकात मिळेल का. कप्तान म्हणाला, नाही मिळणार.

शुक्रवारी पाहुणे आले. दोघे होते, नीट कपडे केलेले, एक बोलका आणि एक नुसता मान हलवणारा. गिधाड खुर्चीत बसला. कप्तान मागे भिंतीला टेकून उभा राहिला. खुर्ची दिली तर नको म्हणाला.

पडद्यावर बंदरातून पहिलं जहाज बाहेर पडलं. गिधाडाचं विमान फार लांब होतं, तोफेच्या टप्प्यातही नव्हतं. तरी जहाज वळलं. बोलक्या पाहुण्याने बाईकडे पाहिलं. बाईने कप्तानाकडे पाहिलं. मेहुण्याने आपल्या कानांवरचे हेडफोन काढून गळ्यात घेतले. दुसरं जहाज निघालं, तेही वळलं. गिधाड नुसता समुद्रावरून येरझाऱ्या घालत होता, रात्रपाळीच्या पहारेकऱ्यासारखा, आणि त्याच्या नुसत्या असण्याने बंदराचं दार बंद होत होतं.

मग बेटावर काहीतरी होऊ लागलं. आधी विमानं उडायची थांबली. मग धावपट्टीचे दिवे गेले. तोफा अजून सुटत होत्या, पण थांबून थांबून, कंटाळलेल्या माणसाने दार ठोठावावं तशा. खाली कारखान्यात करवत चालू होती ती तेवढी ऐकू येत होती. पश्चिमेच्या खडकांमधून बारकी बोट निघाली, अर्ध्यावरही आली नाही, आणि हळूच वळली. त्यानंतर एकेक तोफ गप्प होत गेली. शेवटची एक बरीच टिकली. मग तीही नाही.

गिधाड खाली उतरला. एवढ्या खाली तो एरवी कधी यायचा नाही, आल्याबरोबर तोफा त्याला उडवायच्या. आता कुणी उडवलं नाही. त्याने बेटाला एक फेरी मारली, दुसरी मारली. दांड्यावरचं त्याचं बोट घोड्यावर होतं, पण त्याने तो ओढला नाही.

“आता काय करू?” त्याने मागे न बघता विचारलं.

याचं उत्तर खेळात लिहिलेलंच नव्हतं. मान हलवणारा पाहुणा पहिल्यांदाच बोलला, म्हणाला, हे अंगावर येतं. बोलका म्हणाला, असं दुसऱ्या कुणाच्या खेळात पाहिलं नाही. बाईच्या चेहऱ्यावर रंग परत आला. तिने कप्तानाला पुढे बोलावलं आणि पाहुण्यांसमोर विचारलं, की काका, हे सुचलं कसं तुम्हाला.

“सुचलं नाही,” तो म्हणाला. “असंच होतं.”

तो विनय आहे असं समजून सगळे कौतुकाने हसले. कप्तान हसला नाही. तो पडद्याकडे बघत होता. विमान अजून फेऱ्या मारत होतं आणि खाली बेट होतं.

“त्यांना आणायला एक बोट पाहिजे,” तो म्हणाला.

“कुणाला?” बाईने विचारलं.

“बेटावरच्यांना.”

“काका, बेटावर माणसं नाहीत. आपण माणसं केलेलीच नाहीत. नुसत्या तोफा आहेत.”

“मग तोफा कोण उडवत होतं?”

गिधाड खुर्चीत फिरला. “खरंय की,” तो म्हणाला. “माझं विमान तिसऱ्यांदा पाडणारा कोण होता, मला पण बघायचाय.”

बोलक्या पाहुण्याला हे आवडलं. त्याने विचारलं, की बेट पडल्यानंतर पुढे काय आहे. पुढे काहीच नव्हतं. मोहीम तिथेच संपत होती. पण बाईने पापणीही न लववता सांगितलं, की पुढच्या भागात बेटावरच्या माणसांना आणायला जहाज येतं, आणि आतापर्यंत ज्याने रसद तोडली त्याच विमानाने आता त्या जहाजाला सांभाळायचं. हे जणू गेल्या वर्षीच ठरलं होतं, अशा थाटात ती बोलली. मेहुण्याने भिंतीकडे तोंड फिरवून हसू दाबलं. पाहुणे एकमेकांकडे बघून मान डोलवू लागले.

ते गेल्यावर बाई चपला काढून पुन्हा मांडी घालून बसली आणि कप्तानाला म्हणाली, की तो मार्ग तुमचा. बेटाकडे रिकामं जायचं, माणसं भरून यायचं. घरी बसून नाही, सोमवारपासून इथे येऊन बसा, गिधाडाच्या शेजारी टेबल देते. खालच्या फाटकावरचा वॉचमन ओळखपत्राशिवाय रोज अडवेल, तर ते तेवढं करून घ्या.

कप्तान चालत घरी आला. वाटेत त्याला वाटलं, आता तरी काही वाटायला हवं. काम राहिलं होतं, बायकोचा जीव भांड्यात पडणार होता, देवाने इतकं दिलं होतं. रस्त्याच्या कडेला थांबून त्याने एक बस जाऊ दिली. मग दुसरी जाऊ दिली. दोन्हींत माणसं होती. आत सगळं आधीसारखंच शांत होतं, दिवे गेलेल्या घरासारखं; पण कुठली खोली कुठे आहे हे आता त्याला साधारण आठवत होतं.

बायकोने दारातच चेहऱ्याकडे पाहिलं. चेहऱ्यावरून काही कळेना, तेव्हा विचारलं. त्याने सांगितलं, की राहिलं काम, आता बेटावरच्या माणसांना आणायचा मार्ग आखायचा. ती आत गेली, देवापुढे उभी राहिली, आणि बाहेर येऊन डोळ्याला पदर लावत म्हणाली, की आता तुमच्या हातून माणसं बुडवून नाही, माणसं आणून पोट भरायचं, हे बरं झालं. त्याने मान हलवली. मग बुटाच्या नाड्या सोडत त्याने विचारलं, की सारंगाचा फोन नंबर जुन्या मोबाइलमध्ये असेल का. तिने सांगितलं, की तो मोबाइल कपाटात आहे, चार्ज करून बघते.

जेवताना ती म्हणाली, की ओळखपत्राला फोटो लागेल, आणि घरी आल्यापासून वाढलेली ही दाढी घेऊन गेलात तर वॉचमन ओळखपत्र बघूनही आत सोडणार नाही. घरात त्याचा एकुलता एक फोटो होता तो गणवेशातला, आणि तो चालणार नव्हता. तेव्हा ठरलं ते असं, की सकाळी उठून आधी दाढी करायची, आणि मग चौकातल्या फोटोवाल्याकडे जाऊन ओळखपत्रासाठी दोन फोटो काढून आणायचे.